‘रस्त्यावरची गाडी’ : एका समासाचा विग्रह

गेल्या सत्रात अर्थविचाराच्या वर्गात समासप्रकरण चालू असता एका विद्यार्थ्याने ‘रोड कार’ हा इंग्रजी जोडशब्द फळ्यावर लिहिला आणि त्याचा विग्रह विचारला. ‘रस्त्यावर चालणारी गाडी’ असे उत्तर देऊन प्रस्तुत लेखक पुढच्या उदाहरणाकडे वळणार, तोच त्या विद्यार्थ्याने हसून सांगितले की, एवढ्याने भागत असते तर या दोन शब्दांवरून मोठमोठ्या मोटार-कारखान्यांत इतकी वर्षे वाद चालला नसता. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग या मार्गावर एक फेरी पूर्ण करण्यास गाडीला किती वेळ लागला हे सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत मोजता येते. परंतु जी गाडी फिरली ती ‘रस्त्यावरची’ होती की नव्हती, हे घड्याळ सांगत नाही. तास संपला, प्रश्न मात्र उरला. त्याचा यथाशक्ती केलेला विचार येथे मांडला आहे.

मोटारींचे यंत्रशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. तथापि हा वाद मुळात यंत्राचा नसून शब्दाचा आहे. विक्रम म्हणजे अखेर एक विधान असते : ‘अमुक वर्गातील वस्तूंमध्ये ही सर्वांत वेगवान होय.’ या विधानातील संख्या कितीही काटेकोर असली, तरी वर्गवाचक नाम सैल असेल, तर विधान खरे की खोटे हे ठरवता येत नाही. जाहिरात वाचणारा गिऱ्हाईक संख्या डोळे उघडे ठेवून वाचतो आणि नाम गृहीत धरतो. त्याची फसगत व्हायची असेल तर ती नामातच होते.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. पश्चिम जर्मनीतील आयफेल डोंगरात न्युर्बुर्ग नावाचा जुना किल्ला आहे. त्याच्या भोवतीच्या रानातून १९२५ ते १९२७ या काळात हा मार्ग बांधण्यात आला व जून १९२७ मध्ये तो खुला झाला. त्याच्या उत्तरेकडील वळशाला नॉर्डश्लाइफे म्हणतात. मुळात हा वळसा सुमारे २२.८ किलोमीटरांचा होता. पुढील फेरबदलांनंतर आज त्याची लांबी २०.८३२ किलोमीटर आहे. चढ-उतार सुमारे तीनशे मीटरांचा, वळणे सत्तरांहून अधिक, आणि डोंगरी हवा अशी की एका टोकाला ऊन असता दुसऱ्या टोकाला पाऊस पडतो. १९७६ मधील निकी लाउडाच्या भीषण अपघातानंतर फॉर्म्युला वनच्या शर्यती या वळशावरून हलल्या. परंतु गाड्यांची कसोटी घेण्यासाठी कारखाने येथे येतच राहिले.

या मार्गाची एक गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. शर्यती व कारखान्यांच्या चाचण्या नसतील तेव्हा नॉर्डश्लाइफे सर्वसामान्य लोकांना पैसे भरून खुली असते, आणि त्या वेळी ती कायद्याच्या दृष्टीने एकदिशा वाहतुकीचा पथकर-रस्ता मानली जाते. वाहतुकीचे नियम लागू होतात, उजव्या बाजूने पुढे जाण्यास मनाई असते, फेरीचा वेळ मोजण्यासही मनाई असते. म्हणजे हेच डांबर कधी रस्ता असते, कधी नसते. आणि विक्रम नोंदवला जातो तो ज्या वेळी ते रस्ता नसते त्या वेळी. ‘रस्त्यावरची गाडी’ या पदातला ‘रस्ता’ इतका अस्थिर असेल, तर ‘गाडी’ने स्थिर राहावे अशी अपेक्षा तरी कशी करावी?

आता विग्रहाकडे वळू. मराठी व्याकरणात मध्यमपदलोपी समासाची उदाहरणे म्हणून साखरभात, पुरणपोळी असे शब्द देण्याचा प्रघात आहे. साखरभात म्हणजे साखरेचा भात नव्हे; साखर घालून शिजवलेला भात. मधले पद उच्चारात गळते, पण पानावर बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते, म्हणून कोणाचे काही अडत नाही. ‘रोड कार’ हा शब्दही याच जातीचा होय. भेद इतकाच की, गळलेले पद कोणते याबद्दल पंक्तीत एकमत नाही.

तीन विग्रह संभवतात. पहिला : ‘रस्त्यावर चालवण्यास शासनाची मान्यता असलेली गाडी’. दुसरा : ‘रस्त्यावर चालवण्यासाठी लोकांना विकली जाते त्या मालिकेतील गाडी’. तिसरा : ‘रस्त्यावरील नित्याच्या उपयोगाचा हेतू धरून घडवलेली गाडी’. पहिला विग्रह कायद्याचा, दुसरा बाजाराचा, तिसरा कारागिराच्या मनातला. सामान्य माणसाच्या घरची गाडी या तिन्ही अर्थांनी रस्त्यावरचीच असते, त्यामुळे या अर्थांतील भेद त्याला कधी जाणवतच नाही. तीन सुया एकाच आकड्यावर असल्या की घड्याळाला तीन सुया आहेत हे कोणी पाहत नाही, तशातला हा प्रकार. सुपरकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांत मात्र या सुया एकमेकींपासून फुटतात.

जर्मन भाषेत अशा ठिकाणी मधले पद सहसा गाळत नाहीत. ‘श्ट्रासनत्सूगेलासन’ म्हणजे रस्त्यासाठी मान्यता मिळालेली, आणि ‘झेरिएनफार्त्सॉइग’ म्हणजे मालिकेत तयार होणारे वाहन. ही दोन पदे शेजारी ठेवली की पहिला व दुसरा विग्रह पक्का होतो. लांबलचक जर्मन शब्दांची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. पण त्या लांबीचा उपयोग काय, हे येथे दिसते. तिसऱ्या विग्रहाला मात्र जर्मनमध्येही असा सरळ, तपासता येण्याजोगा शब्द दिसत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. हेतूची नोंदणी कोणत्या कचेरीत करावी?

हे तीन अर्थ खरोखर स्वतंत्र आहेत, ही केवळ वैयाकरणाची हौस नव्हे, हे दाखवण्यास पोर्शे ९१७ या एकाच गाडीचा वृत्तांत पुरेसा आहे. १९६९ मध्ये शर्यतीच्या नियमांनुसार ‘स्पोर्ट्स कार’ या वर्गात बसण्यासाठी त्या गाडीचे किमान २५ नग तयार असणे आवश्यक होते. तपासनीस प्रथम आले तेव्हा पूर्ण झालेल्या गाड्या थोड्याच होत्या, बाकीच्यांचे भाग तेवढे तयार होते. तपासनीसांनी हे मान्य केले नाही. तेव्हा कारखान्यातील हाताला येईल त्या माणसाला जुळणीला लावून त्याच वर्षी एप्रिलमध्ये पंचवीसच्या पंचवीस गाड्या अंगणात एका रांगेत उभ्या करण्यात आल्या. संख्येची अट पुरी झाली. पण त्या रांगेकडे पाहून ‘या रस्त्यावरच्या गाड्या’ असे कोणी म्हटले नसते. पुढे १९७५ मध्ये काउंट रॉसी यांच्यासाठी त्याच प्रकारच्या एका गाडीला आरसे, आवाज दाबणारी नळकांडी, कातडी बैठक असा साज चढवण्यात आला, अमेरिकेतील अलाबामा राज्याची नोंदणी-पाटी लावण्यात आली, आणि ती श्टुटगार्टहून पॅरिसपर्यंत सामान्य रस्त्याने गेली. म्हणजे मालिका होती तेव्हा मान्यता नव्हती. मान्यता आली तेव्हा मालिका उरली नव्हती. आणि हेतू तर दोन्ही वेळी शर्यतीचाच होता.

याच्या उलट दिशेने झालेला प्रवास १९९४ मधील आहे. योखेन डाउअर यांनी पोर्शे ९६२ या शर्यतीच्या गाडीचे रस्त्यावर चालवता येईल असे रूप तयार केले व त्याला मान्यता मिळवली. त्या वर्षीच्या ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत रस्त्यावरच्या गाड्यांपासून बनलेल्या गाड्यांसाठी एक वर्ग होता. त्यात हीच गाडी पुन्हा शर्यतीचे रूप देऊन उतरवण्यात आली आणि तिने शर्यत जिंकली. जी गाडी शर्यतीतून रस्त्यावर आली होती, ती ‘रस्त्यावरून आलेली’ म्हणून शर्यतीत गेली. १९९८ मध्ये टोयोटाच्या जीटी-वन या गाडीबाबत याहून गमतीची गोष्ट घडली. एक ठरावीक मापाची पेटी मावेल एवढी सामानाची जागा गाडीत असावी, असा नियम होता. तपासणीच्या वेळी इंधनाची टाकी रिकामी असते आणि त्या रिकाम्या टाकीत तत्त्वतः पेटी मावू शकते, असा युक्तिवाद करण्यात आला आणि तो मान्यही झाला. नियमकर्त्यांना सामानाची जागा हवी होती ती प्रवाशाच्या सोयीसाठी नव्हे, गाडी प्रवासाची आहे याची खूण म्हणून. आणि खूण म्हटली की ती उमटवण्याची विद्याही आलीच.

आपल्या नैयायिकांनी लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. ‘शिंगे असणारी ती गाय’ म्हटले तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. ‘कपिल वर्णाची ती गाय’ म्हटले तर पांढरी गाय वगळली जाते, ही अव्याप्ती. तिसरा दोष असंभवाचा, त्याचे येथे प्रयोजन नाही. गाडीचे लक्षण केवळ मान्यतेवर बांधले तर रॉसी यांची ९१७ आत येते, ही अतिव्याप्ती. केवळ संख्येवर बांधले तर थोड्या नगांत तयार होणारी, पण खरोखर प्रवासाला वापरली जाणारी गाडी बाहेर राहते, ही अव्याप्ती. आणि हेतूवर बांधावे, तर पोळपाटाची आठवण होते. पोळपाट हा पोळीसाठी केलेला पाट. त्यावर कोणी बसले म्हणून त्याचा बसायचा पाट होत नाही. पण पोळपाटाचा हेतू त्याच्या आकारावरून उघड दिसतो. सातशे-आठशे अश्वशक्तीच्या गाडीचा हेतू तिच्या आकारावरून वाचू गेल्यास ती शर्यतीचीच ठरेल, मग मालक तिच्यातून रोज भाजी आणायला का जाईना.

विधिमीमांसेत हा प्रश्न जुना आहे. १९५८ मध्ये एच. एल. ए. हार्ट यांनी ‘बागेत वाहने आणू नयेत’ या नियमाचे उदाहरण घेऊन दाखवले की, शब्दाला एक निश्चित गाभा असतो आणि त्याभोवती संदिग्ध छायेचा प्रदेश असतो. मोटार हे वाहन खरे. पण मुलाची खेळण्यातली गाडी? त्यावर लॉन फुलर यांनी विचारले की, युद्धात वापरलेली, चालू स्थितीतली ट्रक लोकांनी स्मारक म्हणून बागेतल्या चौथऱ्यावर बसवली, तर ते वाहन म्हणावे काय? म्हणजे गाभ्यातील वस्तूदेखील हेतू पाहिल्यावाचून निश्चित होत नाही. आपल्या देशातही या प्रश्नाने न्यायालयाचा उंबरठा ओलांडला आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात वाहनाची व्याख्या करताना ‘रस्त्यावरील उपयोगासाठी अडॅप्टेड’ असे शब्द होते, आणि १९८८ च्या कायद्यातही ते राहिले आहेत. ‘अडॅप्टेड’ म्हणजे मुद्दाम फेरबदल करून जुळवलेले, की मुळातच योग्य असलेले? खाणीत चालणाऱ्या डंपरांसारख्या यंत्रांच्या संदर्भात बोलानी ओअर्सच्या खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द ‘योग्य’ या अर्थी घ्यावा असे ठरवले. एका कृदन्तावर कराचा प्रश्न लटकलेला असतो, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे.

आता विक्रमांकडे येऊ. २००८ मध्ये निसानने आपल्या जीटी-आर या गाडीने नॉर्डश्लाइफेची फेरी ७ मिनिटे २९ सेकंदांत पूर्ण केल्याचे जाहीर केले. पोर्शेने तीच गाडी विकत घेऊन स्वतः चालवून पाहिली आणि आपल्याला ७ मिनिटे ५४ सेकंद लागल्याचे सांगितले. पंचवीस सेकंदांचे अंतर या व्यवहारात प्रचंड होय. विक्रमी गाडीचे टायर दुकानात मिळणारे नसावेत असा पोर्शेचा संशय होता. निसानने तो साफ नाकारला. येथे वाद वर्गाचा नव्हता, ऐक्याचा होता : फिरलेली गाडी आणि विकली जाणारी गाडी ‘तीच’ आहे काय? ‘तीच’ या सर्वनामाला मराठीत दोन अर्थ आहेत, तीच व्यक्ती आणि तोच नमुना, आणि कारखान्याला नेहमी दुसरा पुरतो. गिऱ्हाइकाला मात्र पहिल्याच्या जवळ जाणारे काही तरी हवे असते.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, रॅडिकल या लहानशा इंग्लिश कारखान्याच्या एसआर-८ एलएम या गाडीने ६ मिनिटे ४८ सेकंदांची फेरी केली. या गाडीला इंग्लंडमध्ये रस्त्याची मान्यता होती. तरीही ती उघडी, दोन माणसांपुरती, शर्यतीच्या गाडीची सख्खी बहीण शोभावी अशी असल्यामुळे अनेकांनी तिला मोजण्याचे नाकारले. चार वर्षांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, मार्क लीब यांनी पोर्शे ९१८ स्पायडर ६ मिनिटे ५७ सेकंदांत फिरवली, आणि सात मिनिटांची मर्यादा ओलांडणारी, जगभर रस्त्यासाठी मान्य असलेली पहिली गाडी, अशा आशयाची घोषणा कंपनीने केली. वाचकांनी ‘जगभर’ या एका क्रियाविशेषणाकडे लक्ष द्यावे. रॅडिकल नऊ सेकंदांनी वेगवान होती. ती या क्रियाविशेषणाने वर्गाबाहेर गेली. विधान असत्य नव्हते. ते सत्य राहावे म्हणूनच तर तो शब्द तेथे ठेवला होता. रॅडिकलच्या माणसांना काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

विशेषणांची ही कला त्या काळात बहरास आली होती. २०१० मध्ये फेरारीने ५९९ एक्सएक्स या गाडीची ६ मिनिटे ५८ सेकंदांची फेरी ‘मालिका-उत्पादनातून उद्भवलेल्या’ गाडीचा विक्रम म्हणून मांडली. गाडीला रस्त्याची मान्यता नव्हती. पण तिची आई रस्त्यावरची होती. ‘उद्भवलेली’ या कृदन्ताने आईचा मान मुलीला मिळाला. मॅकलॅरेनने तर २०१३ च्या अखेरीस आपली पी-१ ही गाडी सात मिनिटांच्या आत फिरली एवढेच सांगितले. नेमका आकडा दिलाच नाही. संख्या गाळून नाम ठेवण्याचे हे उदाहरण विरळा आहे.

मार्च २०१५ मध्ये एका शर्यतीत गाडी हवेत उडून कुंपणापलीकडे गेली व एक प्रेक्षक मृत्युमुखी पडला. त्यानंतर मार्गाच्या काही भागांवर वेगमर्यादा घालण्यात आली आणि विक्रमांचे प्रयत्न थांबले. सुरक्षेची कामे झाल्यावर २०१६ मध्ये मर्यादा उठली आणि साचलेले पाणी सुटावे तसे विक्रम सुटले. मार्च २०१७ मध्ये लॅम्बोर्गिनीने हुराकान पर्फोर्मांते या गाडीची ६ मिनिटे ५२.०१ सेकंदांची फेरी जाहीर केली. चित्रफितीवर शंका घेतल्या गेल्या, कंपनीला मोजमापाचे तपशील पुढे करावे लागले. मे महिन्यात चिनी कंपनी निओच्या ईपी-९ या विजेच्या गाडीने ६ मिनिटे ४५.९ सेकंदांची नोंद केली; पण तिला रस्त्याची मान्यता नव्हती. त्याच महिन्यात मॅकलॅरेन पी-१ एलएमची ६ मिनिटे ४३.२२ सेकंदांची फेरी जाहीर झाली. हिची वंशावळ मुळातून पाहण्यासारखी आहे. पी-१ ही रस्त्यावरची गाडी. तिच्यापासून पी-१ जीटीआर ही केवळ बंदिस्त मार्गावर चालवायची गाडी झाली. आणि जीटीआरला एका इंग्लिश कार्यशाळेने पुन्हा रस्त्याची मान्यता मिळवून दिली, ती एलएम. रस्ता, मग रस्ता नाही, मग पुन्हा रस्ता. नकाराचा नकार म्हणजे होकार, हा तर्कशास्त्राचा नियम भाषेत नेहमीच खरा ठरत नाही. ‘वाईट नाही’ म्हणजे ‘चांगले’ नव्हे. पी-१ एलएम पी-१ सारखीच रस्त्यावरची आहे असे म्हणताना जीभ थोडी अडखळते, ती याच कारणाने.

अखेर २०१९ मध्ये मार्गाच्या व्यवस्थापनानेच नियम घालून दिले. तोपर्यंत कित्येक कारखाने एका प्रेक्षागारापाशी सुमारे दोनशे मीटरांचा तुकडा सोडून २०.६ किलोमीटरांची फेरी मोजत. पुढे पूर्ण २०.८३२ किलोमीटर मोजावे, नोटरीसमक्ष नोंद व्हावी, आणि गाड्या वर्गवारीने लावाव्यात, मालिकेतील वेगळ्या, फेरबदल केलेल्या वेगळ्या, असे ठरले. लांबीचा प्रश्न त्या दिवशी सुटला. नोव्हेंबर २०२० मध्ये मर्सिडीज-एएमजी जीटी ब्लॅक सीरिजची फेरी जुन्या मापाने ६ मिनिटे ४३.६१६ आणि नव्या मापाने ६ मिनिटे ४८.०४७ सेकंदांची भरली. सव्वाचार सेकंदांहून अधिक फरक केवळ ‘फेरी’ या शब्दाच्या अर्थाचा. तो मिटला, कारण लांबी ही फीत लावून मोजता येणारी वस्तू आहे.

वर्गाचा प्रश्न मात्र मिटला नाही, तो सरकला. २०१८ च्या ऑक्टोबरात लार्स केर्न यांनी मांथाय या कार्यशाळेने सुधारलेली पोर्शे ९११ जीटी-२ आरएस, ‘एमआर’ या नावाची, ६ मिनिटे ४०.३३ सेकंदांत फिरवली. ती फेरबदल केलेली गाडी म्हणून गणली गेली. जून २०२१ मध्ये त्याच चालकाने त्याच मूळ गाडीची, त्याच कार्यशाळेच्या भागांनी सजवलेली आवृत्ती पूर्ण मार्गावर ६ मिनिटे ४३.३०० सेकंदांत, म्हणजे जुन्या मापाने ६ मिनिटे ३८.८३५ सेकंदांत फिरवली, आणि हा मालिका-गाडीचा विक्रम ठरला. मधल्या काळात काय बदलले? सुधारणांचा तो संच पोर्शेच्या स्वतःच्या साहित्यसूचीत आला होता, विक्रेत्याकडे मागता येत होता. मांथायमध्ये पोर्शेची निम्म्याहून अधिक भागीदारी आहेच. तेव्हा गाडीचा वर्ग बदलला तो मुख्यतः पान्यांनी नव्हे, छापील सूचीने बदलला. याला लबाडी म्हणता येत नाही. दुसऱ्या विग्रहाप्रमाणे हे अगदी न्याय्य आहे. गिऱ्हाइकाला जे मिळू शकते ते मालिकेतले. पण मग ‘फेरबदल’ हा शब्द वस्तूचा गुण सांगत नाही, व्यवहार सांगतो, हे उघडपणे मान्य करावयास हवे.

पहिल्या विग्रहाची अशीच परीक्षा मर्सिडीज-एएमजी वन या गाडीने घेतली. हिच्या पोटात फॉर्म्युला वनच्या गाडीवरून घेतलेले १.६ लिटरचे संकरित यंत्र आहे, आणि २७५ गाड्या तयार करण्याचे ठरले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारो एंगेल यांनी तिच्यातून ६ मिनिटे ३५.१८३ सेकंदांची, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ६ मिनिटे २९.०९० सेकंदांची फेरी केली. मालिका-गाड्यांतील ही कामगिरी मोठीच होय. मात्र या गाडीला चालवण्याच्या अनेक अवस्था आहेत. त्यांपैकी सर्वांत तीव्र अवस्थेत ती पुढून ३७ व मागून ३० मिलिमीटर खाली बसते, आणि ही अवस्था केवळ बंदिस्त मार्गासाठी असल्याचे कारखानाच सांगतो. मग विक्रम कोणी केला? ‘गाडी रस्त्यासाठी मान्य आहे’ या वाक्यात कर्ता गाडी आहे, तिची त्या क्षणीची अवस्था नव्हे. ‘गुरुजी विवाहित आहेत’ आणि ‘गुरुजी रागावले आहेत’ ही दोन वाक्ये रूपाने सारखी दिसतात. पहिले गुरुजी झोपेत असतानाही खरे असते, दुसरे नसते. ‘मान्य आहे’ हे पहिल्या जातीचे विधान की दुसऱ्या, याचा निर्णय नियमांनी पहिल्याच्या बाजूने दिला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तो व्यवहार्य आहे, पण गिऱ्हाइकाच्या समजुतीला धरून नाही.

लहान गाड्यांच्या वर्गातही हेच दिसते. २०१९ मध्ये पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत रेनो मेगान आरएस ट्रॉफी-आर या गाडीने पूर्ण मार्गावर ७ मिनिटे ४५.३८९ सेकंदांची नोंद केली. त्यासाठी वजन कमी करताना मागची बैठकच काढून टाकलेली होती, आणि गाडी तशीच विकलीही जात होती. २०२३ मध्ये होंडा सिव्हिक टाइप आरने ७ मिनिटे ४४.८८१ सेकंदांत हा विक्रम मोडला. मागे बसायला जागा नसलेली कुटुंबाची गाडी ही तिसऱ्या विग्रहाला पडलेली मोठीच भेग. पण पहिला व दुसरा विग्रह निर्वेध असल्याने तिच्याविरुद्ध काही बोलता येत नाही.

नावाच्या ऐक्याने होणारा घोटाळा अगदी अलीकडचा आहे. शाओमी या चिनी कंपनीची एसयू-७ अल्ट्रा या नावाची चार दारांची विजेची गाडी ऑक्टोबर २०२४ मध्ये ६ मिनिटे ४६.८७४ सेकंदांत फिरली. ती प्रत्यक्षात प्राथमिक नमुना होती. लोकांना विकली जाणारी एसयू-७ अल्ट्रा २०२५ मध्ये फिरली, तिला ७ मिनिटे ४.९५७ सेकंद लागले. त्याच वर्षी नमुन्याची आणखी एक नोंद झाली, ६ मिनिटे २२.०९१ सेकंदांची. तिन्ही नोंदी आपापल्या वर्गात प्रामाणिकपणे लावलेल्या आहेत. परंतु बातमीच्या मथळ्यात ‘नमुना’ हा शब्द टिकत नाही. मधले पद पुन्हा गळते. दुकानात जाऊन नाव सांगणाऱ्या माणसाला मिळते ती ७ मिनिटे ४.९५७ सेकंदांची गाडी, आणि त्याच्या डोक्यात असतो ६ मिनिटे २२.०९१ हा आकडा.

मराठी वृत्तपत्रांत अशा बातम्या येतात तेव्हा ‘रस्त्यावर धावणारी सर्वांत वेगवान गाडी’ असे भाषांतर पुष्कळदा केलेले आढळते. हे तिन्ही विग्रहांहून वेगळे, चौथेच काही झाले. कारण विक्रम करणारी गाडी त्या वेळी रस्त्यावर धावत नव्हती. विभागाच्या परिभाषा-टिपणांसाठी प्रस्तुत लेखकाने दोन शब्द सुचवले आहेत : शासकीय मान्यतेच्या अर्थी ‘मार्गमान्य’ आणि विक्रीच्या मालिकेच्या अर्थी ‘मालिकानिर्मित’. या हिशेबाने १९७५ मधील रॉसी यांची ९१७ मार्गमान्य, पण मालिकानिर्मित नव्हे. एएमजी वन दोन्ही. शाओमीचा नमुना मालिकानिर्मित नव्हे. हेतूच्या अर्थी शब्द हवा आहे. ‘प्रवासी गाडी’ हा शब्द रेल्वेने आधीच घेतला आहे, आणि ‘नित्योपयोगी’ म्हटले की साबण आणि काडेपेटी डोळ्यांपुढे येते. वाचकांपैकी कोणाला बरा शब्द सुचल्यास विभागाकडे जरूर कळवावा.